सोपटाची खूण

पुस्तक उघडलं तर आतून केळीच्या सोपटाची एक गाठ निघाली. वाळून पापडासारखी झालेली. मी ती बोटांनी उचलली नाही, तशीच पानावर राहू दिली. शेवटून तिसऱ्या पानावर होती ती.

ग्रामपंचायतीच्या कपाटात उधई, म्हणजे वाळवी, लागली म्हणून संपतकाका कोतवाल पुस्तकं बाहेर काढून ओट्यावर उन्हात मांडत होते. मी वाशीमहून सुट्टीत आले होते आणि एस.टी.तून उतरून घराकडे निघाले होते. त्यांनी हाक मारली. "हे घेऊन जाय बाई. कपाटापेक्षा तुमच्याच घरी जास्त राह्यलं हे. बाकीचे उधईनं वाचले सारे." आणि स्वतःच हसले.

मला हसता आलं नाही. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, पहिली चार पानं नव्हती. त्यामुळे त्याचं नाव काय, ते लिहिलं कुणी, हे आम्हाला कधीच कळलं नाही. त्यातल्या बाईच्या नावावरून आमच्या घरात त्याला 'विमलचं पुस्तक' म्हणत. आत्याच तसं म्हणायला लागली आणि मग सगळेच.

आमचं गाव शिरपूरहून रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावाबाहेर ओढ्याच्या कडेला आमचा भाजीचा मळा. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात वांगी आणि मुळे. बाजाराच्या आदल्या दिवशी दुपार कलली की मेथी उपटायची, मोटेचं पाणी वाहून नेणाऱ्या दांडात मुळांची माती धुवायची आणि जांभळाच्या झाडाखाली ओल्या पोत्यावर बसून जुड्या बांधायच्या. बांधायला केळीच्या खोडाचं सोपट. ते आधी गडव्यातल्या पाण्यात भिजत घालायचं, मग नखानं उभं फाडून त्याच्या दोऱ्या करायच्या. त्या ओल्या सोपटाला एक वास असतो, थोडा तुरट, थोडा गोडसर. धुतलेल्या मेथीचा वास आणि तो वास एकत्र झाला की माझ्यासाठी ती कादंबरीची वेळ. आजही वाशीमच्या बाजारात मेथीच्या ढिगाजवळून जाताना मला कुठल्यातरी प्रकरणाची सुरुवात आठवते.

मी तेव्हा आठवीत होते. घरात वाचता येणारी मी एकटी. बाबांना सही येत होती, मायला आणि आत्याला तीही नाही. पंचायतीच्या कपाटात चाळीसेक पुस्तकं होती आणि ती न्यायला माझ्याशिवाय कुणी जात नसे. कपाटाचं दार उघडलं की डांबरगोळ्यांचा आणि वाळलेल्या लिंबाच्या पाल्याचा वास येई. संपतकाका किल्ली हातात घेऊन ताटकळत उभे राहत आणि मी मुद्दाम वेळ लावी. एकेक पुस्तक काढायचं, मधलं पान उघडून नाकाला लावायचं, परत ठेवायचं. एवढं सुख मला नंतर कॉलेजच्या मोठ्या ग्रंथालयातही मिळालं नाही. तिथे पुस्तक चिठ्ठी देऊन मागावं लागतं.

जुड्या बांधायला तिघी असत. माय, शांताआत्या आणि शेजारच्या वस्तीतल्या कौतिकाबाई, ज्या बाजाराच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कामाला येत. मला जुडी नीट बांधता येत नसे. माझी जुडी टोपलीत पोचायच्या आत सुटे. म्हणून एके दिवशी आत्याच म्हणाली, "तू कायले हात भरवतं वं? तू वाच. आमी बांधतो." आणि मग तो रिवाजच पडला. दांडात पाय सोडून मी बांधावर बसायचं, पाणी घोट्याला गुदगुल्या करत जायचं, आणि मी मोठ्यानं वाचायचं. हरभऱ्याचे दिवस असले तर मधे मधे मूठभर सोले तोंडात टाकायचे. वाचताना तोंडात सोला असला की माय ओरडे, "आधी गीळ, मंग बोल. त्या पोरीचं लगन लागून राह्यलं न तू चावून राह्यली!"

गोष्टीचं माप जुड्यांत होतं. मोठं प्रकरण म्हणजे शंभर जुड्या. छोटं असलं तर साठ-सत्तर. काम संपलं की आत्या सोपटाचा एक तुकडा घेई, त्याला गाठ मारी आणि मी थांबले असेन त्या पानात ठेवी. "गाठ मारली म्हंजे गोष्ट पयत नाई," असं म्हणे. पुस्तक संपलं की ती गाठ तिनेच सोडायची. सोडलेलं सोपट ती दांडात टाकी आणि ते वाहत जाताना बघे. मग मी पुस्तक परत करायचं.

त्या तिघी नुसत्या ऐकत नसत. पुस्तकातल्या माणसांशी त्यांचं भांडण चाले. विमलचं पुस्तक सुरू झालं तेव्हा पहिल्याच दिवशी आत्यानं हात थांबवला होता. "बाप्पा, एवढं मोठं घर, तीन तीन माड्या, न भाकरी कोन टाकते त्या घरात? लिवलंच नाई."

"त्याईले भूक लागत नसन," कौतिकाबाई म्हणाल्या. "पुस्तकातल्या मानसाले भूक नसते, शांता. त्याईले निसती आठवन येते."

"मंग आपल्याले नवरा पुस्तकातलाच पाहायचा," माय म्हणाली. "चूल तरी वाचन."

माय हे बोलली आणि मग घाईने पुढची मूठ उचलली. आत्याच्या बाबतीत असं बोलू नये, हे तिला उशिरा आठवलं असावं.

आत्या बाबांची धाकटी बहीण. लग्न होऊन दोन वर्षांत तिचा नवरा खांडव्याकडे रेल्वेच्या कामावर गेला. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, मग नाही. सासरच्यांनी तिला आमच्याकडे पोचवून दिलं. मला जेवढं कळतं तेवढं एवढंच. तिच्या पेटीत ती दोन पत्रं होती आणि ती तिने मला कधी वाचायला दिली नाहीत. ती कुणीतरी तिला आधीच वाचून दाखवली असणार आणि तिला पाठ असणार. ऐकलेलं तिच्या डोक्यातून जात नसे.

विमलच्या पुस्तकातही विमलचा नवरा दूर गेलेला होता. म्हणून ते पुस्तक सुरू झाल्यावर आत्या भांडायची कमी झाली. मी मळ्यात आले की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "आलं का वं तिले पत्र?"

"अजून नाही आत्या."

"येईन. एवढं जाड पुस्तक हाय. आल्याबिगर कसं राहीन?"

त्याच हिवाळ्यात कामरगावचा माणूस आला.

आमच्यात बाईचा पाट लावतात. म्हणजे टाकलेल्या किंवा विधवा बाईचं दुसरं लग्न, साधं, चार माणसांत. सासरच्या वडीलधाऱ्यांनी सोडचिठ्ठी दिली होती, त्यामुळे अडचण नव्हती. तो माणूस बिजवर होता. त्याचाही भाजीचाच मळा. मोतीराम त्यांचं नाव. बाबांनी त्यांना घरी नेण्याऐवजी मळ्यातच आणलं, कारण बाजाराचा आदला दिवस होता आणि काम थांबवता येत नव्हतं. त्यांनी पिशवीभर जांब आणले होते. पेरूला आम्ही जांबच म्हणतो. पिशवी त्यांनी माझ्याजवळ दिली आणि बाज टाकलेली असूनही पोत्याच्या कडेला जमिनीवरच बसले. बाबांशी पाण्याबद्दल, बियाण्याबद्दल बोलत राहिले आणि बोलता बोलता त्यांचा हात मेथीच्या ढिगाकडे गेला. मूठ घेतली, मुळं मांडीवर आपटून सारखी केली, सोपटाचे दोन वेढे दिले आणि टोक आत खोचलं. आपण काही केलं हे त्यांच्या लक्षातही नसावं. जाताना एवढंच म्हणाले, "आठ दिवसानं येतो. घाई नाई. त्याईच्या मनानं होऊ द्या."

ते गेल्यावर आत्याने ती जुडी उचलली. उलटी केली, झटकली. एक काडी पडली नाही.

"हात चांगला हाय मानसाचा," ती म्हणाली.

कौतिकाबाईंनी मायकडे बघून डोळा मिचकावला. "आता हाताबरोबर मानूसबी पाहून घे, शांता."

"चूप ऱ्हाय वं!" आत्या म्हणाली. पण ती लाजली होती. मी तिला लाजताना त्याआधी पाहिलं नव्हतं. ती जुडी टोपलीत गेली नाही, एवढं मला आठवतं.

ते आठ दिवस फार चांगले होते. मला त्यांची सगळ्यात जास्त आठवण येते. आत्या पहाटे जात्यावर गाणं म्हणे. घरात जांब पिकत होते आणि कपड्यांनाही त्यांचा वास लागला होता. मी शाळेतून आले की आत्याने एक जांब विळीवर चार फोडी करून तिखट-मीठ लावून ठेवलेला असे. तो खात मी पुस्तक उघडी. विमलच्या पुस्तकाची थोडीच पानं उरली होती आणि ती बाजाराच्या आदल्या दिवशीच वाचायची होती, पण माझ्यानं राहवलं नाही. आदल्या संध्याकाळी दांडावर बसून मी शेवट एकटीनंच वाचून टाकला.

विमलचा नवरा येत नाही. त्याने दुसरीकडे संसार मांडला आहे असं तिला एक ओळखीचा माणूस येऊन सांगतो. ती घरी येते, पत्रं एकावर एक रचून कपाटात ठेवते, शेजारणीकडे किल्ली देते आणि दुसऱ्या गावी शिकवायच्या नोकरीवर निघून जाते. गाडी सुटते आणि ती मागे बघत नाही. संपलं.

मी तेरा वर्षांची होते. पाणी वाहत होतं आणि मी रडत होते. हे आत्याला कसं वाचून दाखवायचं? उद्या तिघी बसणार, माय आणि कौतिकाबाई आत्याच्या तोंडाकडे बघणार, आणि मी म्हणणार की त्याने दुसरीकडे संसार मांडला आहे. आत्या इतकी खूश होती. मला तिचे ते दिवस मोडायचे नव्हते. मला एवढंच कळत होतं. पुढचं कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वाचायला बसले. खुणेचं पान उघडलं, सोपटाची गाठ तिथेच ठेवली आणि दोन परिच्छेद खरे वाचले. मग तो ओळखीचा माणूस आला तिथे माझा आवाज थांबला. "वाच वं, थांबू नको," माय म्हणाली. "हात थांबते मंग." मी ओळींवर बोट फिरवत राहिले आणि तोंडाने दुसरंच बोलू लागले. दिवेलागणीला दारात पावलं वाजली. विमलनं पाहिलं तर तो. चपला धुळीनं भरलेल्या. ती काही बोलली नाही. तिनं तांब्या पुढे केला. त्यानं पाय धुतले आणि म्हणाला, भाकर आहे का? आणि विमलनं चूल पेटवली.

तिघींचे हात थांबले. मग आत्या डोळे पुसत हसली. "आली बाप्पा एकदाची भाकर पुस्तकात!"

कौतिकाबाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "आठ वर्सानं आला न भाकरच मांगली," त्या म्हणाल्या. "मी असती तं आधी पत्ता इचारला असता."

"आला ना पन," आत्या म्हणाली. "छापलेलं हाय ते. खोटं कसं असन?"

मी पुस्तक मिटलं. गाठ आतच राहिली. आत्याने ती मागितली होती, सोडायला. मी म्हटलं, उशीर झाला, संपतकाका कपाट लावतील, आणि धावत जाऊन पुस्तक परत करून आले.

मोतीराम आठ दिवसांनी आले. या वेळी घरी. मी मधल्या दाराआड उभी होते, हातात अर्धा जांब होता. बाबा आत येऊन म्हणाले, "शांता, काय सांगू त्याईले?"

"मी वाट पायतो म्हना," आत्या म्हणाली.

"कोनाची वाट पायतं वं तू? पाच वर्सं झाले, एक चिठ्ठी नाई!"

"विमलचा आला ना आठ वर्सानं. माह्याले तं पाचच झाले."

"कोन विमल?" बाबांनी विचारलं. "कोन्या गावची?"

माय चुलीकडे बघत होती. मला तेव्हा बोलता आलं असतं. दोन पावलं पुढे यायचं होतं आणि एक वाक्य बोलायचं होतं. बाबांनी मला एक चापट मारली असती, फार तर दोन. मी जांब तोंडात धरला आणि उभी राहिले. बाहेर मोतीरामांनी पाण्याचा गडवा रिकामा करून उलटा ठेवल्याचा आवाज आला. "बरं हाय," ते म्हणाले. "राग नाई."

नंतर कधीतरी कळलं की त्यांनी दुसरीकडे पाट लावला.

त्यानंतर मळ्यातलं वाचन हळूहळू बंद पडलं. मी अभ्यासाचं कारण सांगत गेले. आत्याने फार आग्रह केला नाही, पण तिला एक नवीन सवय लागली. चार वाजता वाशीमची एस.टी. ओढ्याच्या वळणावर हॉर्न वाजवते. हॉर्न वाजला की आत्या मान वर करायची. हात चालूच, फक्त मान वर. गाडी थांबून पुढे गेली की परत खाली. आधी रोज आणि कॉलेजला गेल्यावर सुट्ट्यांत, सहा वर्षं मी ते पाहत होते. मॅट्रिक झाले तेव्हा बाबा पुढे शिकवायला तयार नव्हते. आत्याच त्यांच्याशी भांडली. "हिले शिकू द्या. मले कोनी शिकोलं असतं तं मी सोताच वाचलं असतं." कॉलेजला जाताना माझी पेटी तिनेच डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणली.

वाशीमला मी पुष्कळ कादंबऱ्या वाचल्या. वर्गातल्या मुली बोलतात तसं बोलायला शिकले. पण कुठल्याही कादंबरीची शेवटची पानं मी अजूनही पटकन वाचते, कुणी बघतंय असं वाटून.

त्या दिवशी संपतकाकांकडून पुस्तक घेऊन मी घरी न जाता सरळ मळ्यात गेले. मोट जाऊन आता इंजिन आलंय, त्याचा धूर मेथीच्या वासात मिसळतो. कौतिकाबाई मुलाकडे अकोल्याला राहायला गेल्यात. मायला आता खाली बसवत नाही. जांभळाखाली आत्या एकटीच होती. कानाजवळचे केस पांढरे झालेले. समोर मेथीचा ढीग, बाजूला गडव्यात सोपट.

"आली वं माय!" ती म्हणाली. "किती वायली! खायाले देत नाई का तुह्या कॉलेजात?" मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. तिने पुस्तक ओळखलं. पुठ्ठा नसलेलं, कोपऱ्यावर हळदीच्या बोटाचा डाग. "विमलचं हाय ना हे?"

"हो."

"किती बेस होतं वं." ती जुडी बांधता बांधता बोलू लागली. "दिवेलागनीले दारात पावलं वाजली. विमलनं पायलं तं तो. चपला धुयीनं भरलेल्या. ते काही बोलली नाई. तिनं तांब्या पुढं केला…" माझी तेराव्या वर्षीची वाक्यं. एक शब्द गळलेला नव्हता. मी स्वतः विसरून गेले होते, तिला पाठ होती.

"आत्या," मी म्हटलं, "शेवट पुन्हा वाचून दाखवते. तेव्हा मी नीट वाचला नव्हता."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग ढिगाकडे. "वाच," म्हणाली.

मी बांधावर बसले. पाय दांडात सोडायचा धीर झाला नाही. खुणेच्या पानापासून सुरुवात केली आणि एकेक ओळ, जशी होती तशी, वाचत गेले. ओळखीचा माणूस आला. दुसरीकडे संसार. पत्रं रचली. किल्ली दिली. गाडी सुटली. विमलनं मागे पाहिलं नाही. लहानपणी मला हा शेवट फार क्रूर वाटला होता. मोठ्यानं वाचताना लक्षात आलं की तो तसा नव्हता. विमल जगायला निघाली होती.

आत्याचे हात वाचन संपेपर्यंत चालू होते. संपल्यावर थांबले.

"म्हंजे भाकर नव्हतीच," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"तरीच. साऱ्या पुस्तकात भाकर नाई, न शेवटालेच कशी आली?" तिने हातातली जुडी खाली ठेवली. "तुनं केलं ते?"

"हो."

"काहून वं?"

"तू खूश होतीस म्हणून." इतक्या वर्षांत मी तयार केलेली सगळी वाक्यं गेली आणि एवढंच उरलं. ऐकायला ते फार लहान वाटलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हात पुढे करून पुस्तकातली सोपटाची गाठ मागितली. सवयीने गडव्यात बुडवली, थोडी नरम होऊ दिली आणि नखानं सोडायला गेली. ती मधेच तुटली. तिने दोन्ही तुकडे दांडात टाकले. ते वाहत जाताना मात्र तिने पाहिलं नाही. नवीन सोपट घेतलं, मूठभर मेथी घेतली, मुळं मांडीवर आपटून सारखी केली.

"कामरगावच्यानं बांधलेली जुडी," ती म्हणाली, "मी इकली नव्हती. घरी ठेवली. पाला सारा वायला, पन तिसऱ्या दिवशीबी सुटली नव्हती वं."

मी तिला खरं सांगितलं की नुसतं माझं ओझं तिच्या मांडीवर ठेवलं, हे मला अजून ठरवता येत नाही. पुस्तक माझ्या हातात होतं आणि त्यात आता कुठलीच खूण नव्हती.

ओढ्याच्या वळणावर हॉर्न वाजला. चार वाजले होते. मी आत्याकडे पाहत होते. अगदी आतून वाटत होतं की तिने वर बघावं, नेहमीसारखं, एकदा तरी.

गाडी थांबली. कुणीतरी उतरलं असेल. गाडी पुढे गेली. आत्याने जुडीला दुसरा वेढा दिला, टोक आत खोचलं आणि पुढची मूठ घ्यायला ढिगाकडे हात नेला.